धूर, अनुमान आणि डोळ्याचा पडदा



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘धुराचा इतिहास’ एवढंच सांगितलं होतं. तत्त्वज्ञानाचा माणूस न्यायशास्त्रातल्या धुरावर बोलणार, असा त्यांचा समज झाला. तो अगदीच चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग डोळ्याचा आहे. हवेतले अतिसूक्ष्म कण डोळ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला इजा करतात, असं गेल्या पंधरा-वीस वर्षांत संशोधक म्हणू लागले आहेत. ही गोष्ट कळायला माणसाला इतका वेळ का लागला, आणि कोणाचा धूर आधी दूर झाला व कोणाचा मागे राहिला, हा आजचा प्रश्न आहे.

ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी आधी जागा सांगतो. मळवली हे पुण्याहून लोकलने येताना लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन. एका बाजूला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या बाजूला भाज्याची, आणि वर लोहगड-विसापूर. मार्च-एप्रिलमध्ये इथून विसापूरकडे पाहिलं की एखादा दिवस डोंगरावर धूर दिसतो. कोणी विचारलं, ‘काय झालं?’ तर पोरगंसुद्धा सांगतं, ‘वणवा लागलाय.’ जाळ दिसत नसतो, फक्त धूर दिसत असतो.

हेच आपल्या न्यायशास्त्राचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. आधार काय? जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हा नेमाने आढळणारा संबंध, ज्याला व्याप्ती म्हणतात. आणि ही व्याप्ती कुठे पाहिली? महानसात. महानस म्हणजे स्वयंपाकघर. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’पर्यंत हे उदाहरण शतकानुशतकं चालत आलं, आणि पुढे आमच्यासारख्या प्राध्यापकांच्या फळ्यावर आलं. आम्ही ते तीस वर्षं शिकवलं. या सगळ्या काळात त्या महानसात कोण बसलं आहे, हे कोणी विचारलं नाही. आम्हीही नाही. धूर हे अग्नीचं चिन्ह होतं. धुराला स्वतःचं काही कर्तृत्व आहे, हा आमच्या विषयातला प्रश्नच नव्हता.

वैद्यांनी मात्र तो विचारला होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राची सुरुवातच नेत्ररोगांनी होते. तिथे डोळ्यांच्या रोगांची कारणं सांगताना धुराचाही उल्लेख आहे. म्हणजे धूर डोळ्याला वाईट, हे जुनं ज्ञान आहे. पण ते चुरचुरण्या-पाणावण्यापाशी, फार तर बाहेरून दिसणाऱ्या रोगांपाशी थांबणार होतं. जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा पाहण्याचं साधनच नव्हतं. ते १८५१ मध्ये जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने जगापुढे आणलं. नेत्रदर्शक, ऑप्थॅल्मोस्कोप. शरीराला कुठेही न कापता जिवंत रक्तवाहिन्या थेट पाहता येतील अशी जागा त्या दिवशी माणसाला मिळाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता याच काळात आमच्या डोंगरात काय चाललं होतं बघा. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. कोळशाची इंजिनं घाट चढू लागली. खाली मुंबईत कापडगिरण्यांची धुराडी वाढत गेली. शेवटी १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. जगभर त्या काळात धूर मोजायची एक सोपी रीत होती. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा असलेले तक्ते काढले होते. निरीक्षकाने तक्ता धरायचा, धुराड्याकडे पाहायचं आणि धूर किती काळा ते ठरवायचं. म्हणजे धुराचं माप डोळा होता. जो धूर डोळ्याला काळा दिसतो तो वाईट. जो दिसत नाही तो हिशेबातच नाही.

मुंबईच्या धुरावर उपाय निघाला तो आमच्या पाण्यातून. टाटांच्या जलविद्युत योजनेत लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे पाणी अडवलं, ते घाटाखाली खोपोलीला सोडलं, आणि १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे मुळशीला धरण आलं तेव्हा मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, तो इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. १९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिनं आली, आणि १ जून १९३० ला दख्खनची राणी धावली ती विजेवरच.

आमचा जन्म स्वातंत्र्यानंतरचा. त्यामुळे आमच्या लहानपणी मळवलीवरून जाणाऱ्या गाड्या विजेच्या होत्या. आणि रुळांपासून हाकेच्या अंतरावर आमच्या घरात चूल होती. तीन दगडांची नव्हे, चांगली लिंपलेली, बाजूला वैल असलेली. पण धुराडं नव्हतं. धूर कौलांतून जाईल तेवढा जायचा, उरलेला घरात. मावळातला पाऊस तुम्ही जाणता. श्रावणात सरपण ओलं, गोवऱ्या सर्दावलेल्या. आई फुंकणीने फुंकत बसायची. आम्ही विचारायचो, ‘आई, रडतेस का?’ ती म्हणायची, ‘रडायला सवड कुठाय रे, धूर गेला डोळ्यात.’

हा आमच्या घराचा अपवाद नव्हता, म्हणून सांगतोय. गाडी धूरमुक्त झाली १९२९ मध्ये. स्वयंपाकघराचा विचार सरकारने राष्ट्रीय पातळीवर केला तो १९८० च्या दशकात, सुधारित चुलीच्या कार्यक्रमातून. महाराष्ट्रात आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने ‘लक्ष्मी’सारख्या चुली घडवल्या. २००२ मध्ये केंद्राने तो कार्यक्रम थांबवला. गॅसची उज्ज्वला योजना आली १ मे २०१६ ला. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी घरं देशात सुमारे ५९ टक्केच होती. गाडीच्या धुरापासून चुलीच्या धुरापर्यंत यायला आपल्याला जवळजवळ नव्वद वर्षं लागली. गाडीचा धूर साहेबाच्या खिडकीत येत होता. चुलीचा धूर भिंतीच्या आत होता. तक्ता हातात धरून त्या भिंतीआड कोणी गेलं नाही.

गेले ते काही मोजके लोक. किर्क स्मिथ हे अमेरिकन संशोधक भारतीय सहकाऱ्यांबरोबर १९८१ मध्ये गुजरातच्या खेड्यांत गेले आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या श्वासात किती धूर जातो ते त्यांनी यंत्राने मोजलं. पुढे डोळ्यांचा प्रश्न आला. १९८९ मध्ये दिल्लीतल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात शेण-लाकूड अशा स्वस्त इंधनाचा मोतीबिंदूशी संबंध आढळला. १९९९ मध्ये नागपूरच्या झोडपे आणि उघडे यांनी स्त्रियांमध्ये तोच प्रश्न तपासला आणि त्यांनाही स्वस्त इंधन व मोतीबिंदू यांची जोडी आढळली. त्याच वर्षी मिश्रा, रेदरफोर्ड आणि स्मिथ यांनी १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीचे आकडे तपासून अंदाज मांडला: तिशीपुढच्या लोकांतलं सुमारे १८ टक्के अंधत्व, अंशतः आणि पूर्ण मिळून, चुलीच्या इंधनामुळे असू शकतं.

इथे आमच्यातला न्यायशास्त्राचा विद्यार्थी जागा होतो. ‘असू शकतं’ म्हणजे काय? नैयायिकांनी व्याप्तीबरोबर एक फार मोलाची सावधगिरी शिकवली आहे. तिचं नाव उपाधी. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे खरं. पण उलट, ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग धूर कशाने होतो? ओल्या इंधनाच्या संयोगाने. ओलं इंधन ही इथली उपाधी. ती लक्षात घेतली नाही तर आपण चुकीचा संबंध बांधतो. आईच्या श्रावणातल्या चुलीपुढे बसलेल्या कोणालाही हे पटेल.

आजचे साथरोगतज्ज्ञ नेमका हाच प्रश्न विचारतात. चुलीपुढच्या बाईला मोतीबिंदू झाला, तो धुराने, की गरिबीने? की कमी खाण्याने, की उन्हात राबण्याने? गरिबी ही इथे उपाधी ठरू शकते, कारण गरिबाकडे चूलही असते आणि कुपोषणही. म्हणून संशोधक घर, शिक्षण, वय अशा गोष्टींचा परिणाम हिशेबातून बाजूला काढून पाहतात. तरीही त्या राष्ट्रीय पाहणीतलं अंधत्व डॉक्टरांनी तपासलेलं नव्हतं, घरच्यांनी सांगितलेलं होतं. शंकेला जागा राहते. ती मान्य करूनच पुढे जायचं.

शिवाय मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. भिंग बदलता येतं. दृष्टिपटल बदलता येत नाही. खरी काळजीची गोष्ट तिथून सुरू होते.

दृष्टिपटलाची रचना थोडक्यात सांगतो. त्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी आहेत, दंडपेशी आणि शंकूपेशी. त्यांच्या पाठीमागे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एकच थर आहे. हा थर म्हणजे दृष्टिपटलाचा स्वयंपाकी आणि सफाई कामगार, दोन्ही. मागच्या रक्तवाहिन्यांच्या जाळीतून तो प्राणवायू आणि पोषण पुढे पोचवतो. प्रकाशपेशींची झिजलेली टोकं रोज गिळून पचवतो. रक्तातलं नको ते आत येऊ नये म्हणून बांधासारखा उभा राहतो. आणि प्रौढ वयात या पेशींची नवी भरती जवळजवळ होत नाही. पन्नास-साठ-सत्तर वर्षं त्याच पेशी तेच काम करतात. त्यात दृष्टिपटल हा शरीरातला अतिशय जास्त प्राणवायू वापरणारा भाग, वर सतत प्रकाशाचा मारा. म्हणजे जळण्याचं, गंजण्याचं काम तिथे मुळातच जोरात चालू असतं. उतारवयात हा थर थकला की पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, झिजू लागतो. यालाच वयपरत्वे होणारी मॅक्युलाची झीज म्हणतात. सिगारेटच्या धुराने तिचा धोका वाढतो, हे पक्कं माहीत आहे.

मग हवेतला धूर? पुन्हा थोडा इतिहास. १९५२ च्या डिसेंबरात लंडनच्या काळ्या धुक्याने हजारो माणसं मेली. पुढच्या चाळीस वर्षांत लक्ष दिसणाऱ्या काजळीवरून न दिसणाऱ्या कणांवर गेलं. १९९३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा सहा अमेरिकी शहरांचा अभ्यास आला, १९९७ मध्ये अमेरिकेने पीएम २.५ साठी मानक ठरवलं, भारताने २००९ मध्ये. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. आपलं वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा ५. आठपटीचा फरक आहे. रिंगेलमानच्या तक्त्यावर या कणांसाठी रकानाच नाही. हवा स्वच्छ ‘दिसते’, याला आता अर्थ उरला नाही.

हेल्महोल्ट्झचं साधन आठवा. २०१० मध्ये अमेरिकेतल्या सहा ठिकाणच्या ४,६०७ लोकांच्या दृष्टिपटलांच्या छायाचित्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या हवेत सूक्ष्म कण जास्त, त्यांच्या पडद्यावरच्या बारीक रोहिण्या अरुंद आढळल्या. फरक एका मायक्रॉनहूनही कमी होता. पण तो नुसत्या आदल्या दिवसाच्या प्रदूषणाबरोबरही दिसला. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या १,१५,९५४ लोकांच्या माहितीवरून असं आढळलं की सूक्ष्म कणांचं प्रमाण एका ठरावीक टप्प्याने वाढलं की मॅक्युलाची झीज असण्याची शक्यता सुमारे ८ टक्क्यांनी वाढते. तिथली हवा आपल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ, हेही ध्यानात घ्या. अर्थात इथेही निदान लोकांनी स्वतः सांगितलेलं आहे. संबंध दिसतो, कारण सिद्ध झालं असं नाही.

कारणाच्या जवळ जायचं तर पेशीपर्यंत जावं लागतं. १९८० च्या दशकात अमेरिकेत अपघातात मरण पावलेल्या एका १९ वर्षांच्या तरुणाच्या डोळ्यांतून तो रंगद्रव्याचा थर काढून प्रयोगशाळेत वाढवला गेला. त्या पेशींचा वंश, एआरपीई-१९, आज जगभर वापरला जातो. या पेशींवर पीएम २.५ टाकलं की काय होतं? पेशीत प्राणवायूचे आक्रमक रेणू वाढतात. ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका बिघडतात. दाह पसरवणारे संदेश बाहेर पडतात. शेजारच्या पेशींना घट्ट धरून ठेवणारे सांधे सैल होतात, म्हणजे मघाशी म्हटलेल्या बांधाला भगदाड पडतं. काही पेशी मरतात. हवेतून डोळ्याच्या मागच्या भागापर्यंत हा परिणाम पोचण्याची मुख्य वाट फुप्फुसातून रक्तात अशी मानली जाते. कण फुप्फुसात दाह उठवतात, त्याचे पडसाद रक्तातून सगळीकडे जातात, अतिलहान कण स्वतःही रक्तात उतरू शकतात. आणि पडद्यामागच्या जाळीतून तर भरपूर रक्त वाहत असतं.

बशीतल्या पेशी म्हणजे डोळा नव्हे. तिथे टाकलेली मात्रा खऱ्या डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या मात्रेपेक्षा जास्त असू शकते. हा आक्षेप रास्त आहे. पण बघा, लोकसंख्येच्या अभ्यासात व्याप्ती दिसते, छायाचित्रांत रोहिण्या आक्रसलेल्या दिसतात, पेशीत इजेची रीत दिसते. तीन वेगळे साक्षीदार आहेत, एकमेकांना न भेटलेले, आणि त्यांचा रोख एकच आहे. कोणत्याही न्यायसभेत हे हलकं मानलं जाणार नाही.

आता घरची गोष्ट पुरी करतो. आई साठीत होती. एकदा स्टेशनावर आम्ही गाडीची वाट पाहत उभे होतो. ती म्हणाली, ‘रूळ वाकडे बसवलेत का रे यांनी?’ आम्ही हसलो. आमचं पीएच.डी. झालेलं, अनुमानावर व्याख्यानं द्यायचो, आणि आम्ही हसलो. सरळ रेघ वाकडी दिसणं हे मॅक्युलाच्या झिजेचं ठळक चिन्ह आहे. चिन्ह समोर होतं, आम्हाला वाचता आलं नाही. वर्षभराने डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू नाही, पडद्याचा मधला भाग गेलाय. त्या काळी डोळ्यात द्यायची आजची इंजेक्शनं नव्हती. पुढे तिला कडेचं दिसायचं, मधलं नाही. दारात उभं राहिलं की म्हणायची, ‘आवाज तुझा आहे. तोंड कुठे ठेवलंस?’

मग तिचे डोळे धुरानेच गेले का? प्रामाणिक उत्तर असं की एका व्यक्तीबद्दल हे कधीच सांगता येणार नाही. वय होतं, अनुवंश असेल, बाकीही काही असेल. शंभरांविषयीचं सत्य एकावर जसंच्या तसं बसवता येत नाही. अनेक वर्षं आम्ही या उत्तरापाशी थांबलो होतो, आणि त्यात एक प्रकारची सुटका होती, हेही कबूल करतो. आज वाटतं, ते उत्तर बरोबर होतं पण प्रश्न चुकीचा होता. ‘तिला कशाने झालं’ हे कळणार नाही. ‘पुढच्या बाईला हा धूर द्यायचा का’ याचं उत्तर द्यायला तेवढी खात्री लागत नाही. डोंगरावर धूर दिसल्यावर आपण जाळ पाहूनच पाणी न्यायचं असं म्हणत नाही.

आणि धूर संपलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. गिरण्यांचा धूर गेला, पण राज्याची बरीच वीज आज चंद्रपूर, कोराडीच्या कोळशावर आहे. २००२ पासून भाज्याच्या वाटेवर द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तिथे डिझेल आहे, ब्रेकची आणि टायरची झीज आहे. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजले जातात. राब भाजणारा हौसेने भाजत नाही, त्याला दुसरी परवडणारी रीत हाताशी द्यावी लागेल. पण सुट्टीच्या बंगल्यांमागे पानांबरोबर प्लॅस्टिक जाळलं जातं, त्याला कोणती सबब आहे? आमच्याही अंगणात अगदी परवापर्यंत पालापाचोळा पेटत होता. आता तो खड्ड्यात जातो, खत होतं.

पन्नाशीपुढच्या श्रोत्यांना एक विनंती. घरी गेल्यावर एक डोळा झाका आणि दाराच्या चौकटीकडे पाहा, मग दुसरा झाका. चष्मा असेल तर लावूनच. रेघ वाकडी दिसली, मध्ये डाग दिसला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आज काही प्रकारांत वेळेवर उपचार मिळाले तर दृष्टी राखता येते. तंबाखूचा धूर बंद करा. आणि घरात अजून चूल पेटत असेल, पाणी तापवायला का होईना, तर तिच्यापुढे कोण बसतं आणि धूर कुठून बाहेर जातो, एवढं पाहा.

आमच्या शास्त्राने महानसाकडे पाहिलं ते अग्नी सिद्ध करण्यासाठी. तिथे बसलेल्या बाईकडे पाहायचं राहून गेलं. ते काम आता तुमच्याकडे देऊन थांबतो.